येमेन : परकीय लष्करी हस्तक्षेपाला नागरी विरोध

येमेनच्या भूमीवर आणि आकाशातून परकीय सैन्यांनी केलेल्या कारवायांविरुद्ध तिथल्या गावकऱ्यांनी, टोळ्यांनी (म्हणजे तिथल्या जमातींनी), पत्रकारांनी, वकिलांनी आणि चित्रकारांनी चालवलेला विरोध. अमेरिकेचे ड्रोन हल्ले (२००२ पासून), सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीच्या आघाडीचे युद्ध (२०१५ पासून) आणि अमेरिका, ब्रिटन व इस्राएल यांचे हवाई हल्ले (२०२४ पासून) हे त्याचे अलीकडचे टप्पे. बाहेरच्या जगाच्या कानावर मुख्यतः उत्तर येमेनमधल्या हुथी चळवळीच्या घोषणाच पडतात. हुथी हा या युद्धातला सशस्त्र पक्ष आहे. ताईझ शहराची कोंडी, पेरलेले सुरुंग, मुलांची सैन्यभरती यांची जबाबदारी त्याच्यावर आहे. मृतांची नावे लिहून ठेवणारा, बॉम्बचे तुकडे जपून ठेवणारा आणि मारणाऱ्याने कबुली द्यावी म्हणून वर्षानुवर्षे दारे ठोठावणारा विरोध निराळा. प्रस्तुत नोंद त्याच्याविषयी आहे.

पूर्वपीठिका

परकीय फौजांची आठवण येमेनमध्ये जुनी आहे आणि तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्स यांच्या नेतृत्वाखाली मुंबई सरकारने पाठवलेल्या आरमाराने आणि फौजेने एडन बंदर जिंकले. १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडेच होता. १४ ऑक्टोबर १९६३ रोजी रदफानच्या डोंगराळ भागात ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी दक्षिण येमेन स्वतंत्र झाला. उत्तरेत १९६२ पासून प्रजासत्ताकवादी आणि इमामाचे (तिथल्या राजाचे) समर्थक यांच्यातल्या यादवीत इजिप्तने हजारो सैनिक उतरवले होते. त्या युद्धात विषारी वायूही वापरला गेला.

ड्रोन आणि न दिलेली कबुली

३ नोव्हेंबर २००२ रोजी मारिब प्रांतात एका मोटारीवर अमेरिकी ड्रोनने क्षेपणास्त्र सोडले. त्यात अबू अली अल-हारिथी मारला गेला. २००० साली एडनमध्ये अमेरिकी युद्धनौका कोलवर झालेल्या हल्ल्याचा तो संशयित होता. अफगाणिस्तानबाहेर ड्रोनने माणूस मारण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. खरा विरोध पेटला तो सात वर्षांनी.

१७ डिसेंबर २००९ रोजी अबयान प्रांतातल्या अल-मजाला या वस्तीवर हल्ला झाला. आपल्या विमानांनी अल-कायदाचा तळ उद्ध्वस्त केला, असे येमेन सरकारने जाहीर केले. येमेनी संसदेच्या चौकशी समितीला मात्र ४१ नागरिक मारले गेल्याचे आढळले. त्यांत २१ मुले आणि १४ स्त्रिया होत्या. पत्रकार अब्दुलइलाह हैदर शाए यांनी तिथल्या अमेरिकी शस्त्रांच्या अवशेषांची बातमी दिली. हल्ला अमेरिकी क्रूझ क्षेपणास्त्राचा होता आणि त्यात क्लस्टर बॉम्ब (हवेत उघडून लहान लहान बॉम्ब विखुरणारे) होते. पुढे फुटलेल्या अमेरिकी राजनैतिक तारांमधून असे उघड झाले, की बॉम्ब आमचेच असल्याचे आम्ही सांगत राहू, अशी हमी राष्ट्राध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह यांनी अमेरिकी सेनानी डेव्हिड पेट्रेअस यांना दिली होती. शाए यांना २०१० मध्ये अटक झाली आणि दहशतवाद्यांना मदत केल्याच्या आरोपावरून पाच वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. येमेनमधल्या दबावामुळे सालेह त्यांना माफी देण्याच्या बेतात होते; फेब्रुवारी २०११ मध्ये बराक ओबामा यांनी फोनवर चिंता व्यक्त केल्यावर ती माफी थांबली. शाए जुलै २०१३ मध्ये सुटले. परक्या देशाने टाकलेला बॉम्ब, आपल्याच सरकारने त्यावर घातलेले पांघरूण आणि खरे लिहिणाऱ्याला तुरुंग, असे हे प्रकरण आहे. येमेनी माणसाचा राग केवळ परकीयांवर का नाही, हे त्यावरून कळते.

हद्रमौत प्रांतातल्या खशामिर गावची घटना याहूनही बोलकी आहे. तिथले धर्मोपदेशक सालेम बिन अली जाबेर यांनी मशिदीत अल-कायदाविरुद्ध उघड प्रवचन दिले होते. काही दिवसांनी, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, जाब विचारायला गावात आलेल्या तरुणांशी ते बोलत असताना ड्रोनहल्ला झाला आणि तेही ठार झाले. सोबतीला आलेला त्यांचा पोलीस नातेवाईकही गेला. सालेम यांचे मेहुणे फैसल बिन अली जाबेर हे अभियंते. ते वॉशिंग्टनला गेले आणि तिथल्या लोकप्रतिनिधींना भेटले. अमेरिकेने चूक मान्य करून माफी मागितली तर तिथल्या न्यायालयात केलेला दावा मागे घेऊ, असे त्यांनी कळवले. माफी आली नाही. अमेरिकी न्यायालयांनी दावा फेटाळला. जर्मनीतल्या रामस्टाइन तळावरून ड्रोनचे संदेश वाहून नेले जातात म्हणून त्यांनी तिथेही न्याय मागितला. २०१९ मध्ये म्युन्स्टरच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने काही प्रमाणात निकाल दिला, २०२० मध्ये तो वरच्या न्यायालयात उलटला आणि जुलै २०२५ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तक्रार फेटाळली. एका माफीसाठी एका कुटुंबाने दोन देशांच्या न्यायालयांत दशकाहून अधिक काळ घालवला.

कबुलीचा हा आग्रह टोळ्यांच्या रीतीतून येतो. खुनाच्या किंवा अपमानाच्या प्रसंगी दोषी पक्ष आपल्या रायफली समोरच्यांच्या स्वाधीन करतो. आपली चूक झाली, निवाडा तुम्ही करा, असा त्याचा अर्थ असतो. भरपाईची बोलणी त्यानंतर. १२ डिसेंबर २०१३ रोजी रदा शहराजवळ लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्यांवर ड्रोनहल्ला झाला आणि १२ जण मारले गेले. संतप्त लोकांनी प्रेते आणून रस्ता अडवला. येमेनी अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे रायफली आणि रोख रक्कम दिली. ज्यांनी क्षेपणास्त्र सोडले ते या निवाड्याला आलेच नाहीत. काही दिवसांत संसदेने ड्रोनहल्ल्यांवर बंदी घालण्याचा ठराव संमत केला. तो सरकारवर बंधनकारक नव्हता आणि हल्ले चालूच राहिले.

त्याच वर्षी २३ एप्रिलला फारेआ अल-मुस्लिमी या तरुणाने अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. अमेरिकेत शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या तरुणाच्या वसाब या गावावर सहाच दिवसांपूर्वी हल्ला झाला होता. गावकऱ्यांना अमेरिकेची ओळख आतापर्यंत त्याच्या गोष्टींमधून होती, आता ती भीतीतून झाली, हे त्याच्या साक्षीचे सार होते. राजधानी सनामध्ये चित्रकार मुराद सुबैय यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंतींवर ड्रोन रंगवले. युद्ध सुरू झाल्यावर बॉम्बहल्ल्यात पडलेल्या घरांच्या उरलेल्या भिंती हेच त्यांचे कॅनव्हास झाले.

आघाडीचे युद्ध

हुथींनी सप्टेंबर २०१४ मध्ये सना ताब्यात घेतली. सालेह यांच्यानंतर आलेले आणि हुथींनी सत्तेवरून दूर केलेले राष्ट्राध्यक्ष हादी यांना पुन्हा सत्तेवर आणण्यासाठी २६ मार्च २०१५ रोजी सौदी आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. एडन आणि ताईझमध्ये हुथींच्या तोफांखाली जगणाऱ्या अनेकांनी सुरुवातीला या हल्ल्यांचे स्वागत केले. हे नाकारून येमेनी विरोधाचा इतिहास लिहिता येणार नाही. भारताने त्या दिवसांत ‘ऑपरेशन राहत’ राबवून आपले साडेचार हजारांहून अधिक नागरिक आणि इतर देशांचे साडेनऊशेच्या आसपास लोक बाहेर काढले. ‘आयएनएस मुंबई’ही त्या मोहिमेत होती. येमेनींना असा मार्ग नव्हता.

बॉम्ब बाजारांवर, इस्पितळांवर, लग्नघरांवर पडले. १५ मार्च २०१६ रोजी हज्जा प्रांतातल्या मस्तबाच्या बाजारात ९७ नागरिक मारले गेले. ८ ऑक्टोबर २०१६ रोजी सनातल्या एका सभागृहात शोकसभेला जमलेल्या गर्दीवर दोन बॉम्ब पडले आणि किमान १४० माणसे गेली. ९ ऑगस्ट २०१८ रोजी सआदा प्रांतातल्या दह्यानच्या बाजारात सहलीला निघालेल्या शाळकरी मुलांच्या बसवर हल्ला झाला. ५१ मृतांत ४० मुले होती. तिथे सापडलेले तुकडे अमेरिकी बनावटीच्या बॉम्बचे होते. आघाडीने आधी ही कारवाई कायदेशीर ठरवली आणि नंतर चूक झाल्याचे मान्य केले.

बॉम्बपेक्षाही जास्त माणसे उपासमारीने आणि रोगांनी नेली. धान्याची सुमारे ९० टक्के गरज आयातीवर भागवणाऱ्या देशात तांबड्या समुद्रावरच्या होदेदा बंदरातल्या क्रेन ऑगस्ट २०१५ मध्ये हवाई हल्ल्यात निकामी झाल्या. ऑगस्ट २०१६ पासून सना विमानतळावरची प्रवासी उड्डाणे बंद पडली आणि बाहेर उपचार घेऊ शकणारे रुग्ण घरीच मेले. २०१७ च्या अखेरीस कॉलऱ्याच्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने ३,७७,००० बळी घेतले. त्यांतले सुमारे ६० टक्के भूक, आजार आणि उपचारांचा अभाव यांचे.

या काळात नागरी विरोधाचा कणा ठरली ती रधिया अल-मुतवक्किल आणि अब्दुलरशीद अल-फकीह यांची ‘मवातना’ ही मानवाधिकार संस्था. तिचे कार्यकर्ते हल्ल्याच्या जागी जातात, साक्षी घेतात, अवशेषांची छायाचित्रे काढतात. आघाडी, हुथी, अमिराती-समर्थित फौजा आणि अमेरिका या सगळ्यांच्या गुन्ह्यांची नोंद एकाच मोजपट्टीने करणे हे तिचे मोठेपण. साहजिकच प्रत्येक बाजूने तिला शत्रू मानले. एका कुटुंबातल्या सहा जणांचा बळी घेणाऱ्या बॉम्बचा भाग इटलीतल्या कारखान्यात बनल्याचे आढळल्यावर तिने युरोपीय संस्थांबरोबर तिथे फौजदारी तक्रार केली. इटलीने २०२१ मध्ये सौदी अरेबिया व अमिरातीला क्षेपणास्त्रे आणि बॉम्ब निर्यात करण्याचे परवाने रद्द केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत येमेनसाठीच्या तज्ज्ञगटाची मुदतवाढ १८ विरुद्ध २१ मतांनी फेटाळली गेली आणि सर्व बाजूंची चौकशी करणारी ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा संपली.

महरा

ओमानच्या सीमेवरच्या महरा प्रांतात हुथी कधी पोहोचलेच नाहीत. तरीही २०१७ च्या अखेरीस सौदी फौजांनी अल-गैदा विमानतळ ताब्यात घेतला. २०१८ पासून तिथल्या टोळ्यांनी धरणे धरले. अली सालेम अल-हुरैझी हे त्यांचे प्रमुख नेते. विमानतळ, बंदर आणि सीमानाकी स्थानिक प्रशासनाकडे द्यावीत, ही त्यांची मागणी. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळीबारात आंदोलक मारले गेले. परकीय सैन्याला विरोध म्हणजे हुथींना पाठिंबा, हे समीकरण महरामध्ये टिकत नाही.

२०२४ नंतर

गाझा युद्धाच्या पार्श्वभूमीवर हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले केले आणि जानेवारी २०२४ पासून अमेरिका-ब्रिटनने येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. जुलै २०२४ मध्ये इस्राएलने होदेदावर बॉम्ब टाकले. १५ मार्च ते ६ मे २०२५ या काळातली अमेरिकी मोहीम सर्वांत तीव्र होती. १७ एप्रिलला रास इसा तेलबंदरावर ७० हून अधिक माणसे मेल्याचे हुथी प्रशासनाने सांगितले. २८ एप्रिलला सआदातल्या स्थलांतरितांच्या कोठडीवर बॉम्ब पडून सुमारे ६८ आफ्रिकी स्थलांतरित मृत्युमुखी पडले. त्यांच्यासाठी रस्ता अडवणारी टोळी येमेनमध्ये नव्हती. १० सप्टेंबर २०२५ रोजी सनामध्ये इस्राएली हल्ल्यात वृत्तपत्र कचेऱ्यांतले ३० हून अधिक पत्रकार आणि कर्मचारी मारले गेले.

दुसरीकडे जून २०२४ पासून हुथींनी संयुक्त राष्ट्रांच्या आणि स्वयंसेवी संस्थांच्या डझनावारी येमेनी कर्मचाऱ्यांना अटक केली आणि पुढेही अटका चालू ठेवल्या. त्यामुळे उत्तर येमेनमध्ये हल्ल्यांच्या जागी जाऊन स्वतंत्रपणे साक्षी घेणे कमालीचे अवघड झाले आहे.