बायपास: हृदय थांबवून की धडधडत्या हृदयावर?

मामांच्या बायपासच्या आदल्या संध्याकाळी मामी पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, "बिटिंग हार्ट म्हणजे छाती उघडणार नाहीत ना?" बिटिंग हार्ट म्हणजे हृदय न थांबवता केलेली बायपास. हा गैरसमज घरोघरी आहे. हृदय थांबवून त्याचं काम मशीनवर सोपवा अगर सोपवू नका, सहसा छातीचं मधलं हाड कापावंच लागतं. पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी घेऊन हृदयाच्या धमनीत तुंबलेल्या जागेच्या पुढे जोडायची, हेही दोन्हीकडे सारखंच. फरक आहे तो टाके घालताना हृदय चालू असतं की नाही, एवढाच.

पहिल्या पद्धतीत रक्त बाहेर हार्ट-लंग मशीनमध्ये नेतात. तिथे त्यात ऑक्सिजन मिसळून ते परत शरीरात सोडतात. महाधमनीला चिमटा लावतात आणि पोटॅशियमचं द्रावण सोडून हृदय थांबवतात. दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीवर केसाएवढ्या बारीक दोऱ्याने टाके घालायचे, तर स्थिर हृदय केव्हाही सोयीचं.

दुसरीत हृदय धडधडतच राहतं. चिमट्यासारखं एक साधन आपल्या चोषकांनी नेमका तेवढाच भाग धरून ठेवतं. बाजूचं हृदय हलत असतं, हा तुकडा जवळजवळ स्थिर. मागच्या बाजूच्या धमनीसाठी हृदय उचलून वळवावं लागतं, तेव्हा रक्तदाब पडू शकतो. म्हणून मशीन तयार ठेवलेलं असतं. कधी अर्ध्यातून ते लावावंही लागतं.

"मशीनशिवाय म्हणजे जास्त सुरक्षित" ही जाहिरातीची भाषा मला खटकते. भारतासह 19 देशांतल्या 4,752 रुग्णांच्या 'कोरोनरी' चाचणीत पाच वर्षांनंतरही मशीन लावलेल्या आणि न लावलेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या 'रूबी' चाचणीत तर पाच वर्षांत मशीनविना गटातले 15.2 टक्के रुग्ण दगावले, मशीनच्या गटातले 11.9. शिवाय मशीनविना टाके घालणं हे हात बसलेल्या सर्जनचंच काम आहे. तेव्हा "मशीन लावणार का?" याच्याआधी "तुम्ही एरवी कोणत्या पद्धतीने करता?" हे जरूर विचारा.

पण काही रुग्णांत मशीन टाळणंच शहाणपणाचं असतं. मामांच्या महाधमनीत कॅल्शियम साचलं होतं. तिथे मशीनची नळी घालताना, चिमटा लावताना कण सुटून मेंदूकडे गेला तर पक्षाघात. सर्जननी सीटी स्कॅनवरचा ती पांढरी कड मामींना बोटाने दाखवली आणि म्हणाले, "इथे मला हातच लावायचा नाही." मग मामींनी सही केली.