मक्याचं प्लास्टिक मातीत विरघळतं?

'मक्यापासून बनवलेला पेला कुठेही फेका, महिन्याभरात त्याची माती होते,' असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय.

अर्धी गोष्ट खरी आहे. मक्याच्या स्टार्चपासून साखर, ती आंबवून लॅक्टिक आम्ल आणि त्याच्या साखळ्या जोडून पीएलए हे प्लास्टिक तयार होतं. पण या साखळ्या लवकर तुटायला ओलावा आणि साधारण ६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात मिळते. साध्या मातीत किंवा समुद्रात हाच पेला वर्षानुवर्षे टिकतो.

पडताळायचंय? कुंडीत पीएलएचा तुकडा आणि झाडाचं पान शेजारी पुरा, तीन महिन्यांनी उकरा. पान बहुधा ओळखू येणार नाही; तुकडा येईल. वेष्टनावर 'औद्योगिक कंपोस्टिंग' लिहिलंय का, तेही बघा. बारीक अक्षरात असतं!