स्वतंत्र संकेतस्थळांचे जाळे : पार्श्वभूमी आणि एका शब्दाचा गुंता

नागपुरातील काही संकेतस्थळचालक आपापली स्थळे स्वतःच्याच होस्टिंगवर (स्थळ साठवण्यासाठी घेतलेल्या जागेवर) आणि स्वतःच्याच डोमेनखाली (संकेतस्थळाच्या पत्त्याखाली) ठेवून एकमेकांशी जोडू पाहत आहेत. एकाने आपल्या स्थळावरून दिलेला अभिप्राय दुसऱ्याच्या स्थळावरील मूळ लेखाखाली आपोआप दिसावा, एवढीच त्यामागची अपेक्षा आहे. कोणी तलावांच्या नोंदी ठेवतो, कोणी वऱ्हाडी आणि झाडीबोलीतले शब्द जमवतो, कोणी महालातल्या जुन्या वाड्यांची छायाचित्रे लावतो. या उपक्रमाला ‘विकेंद्रित सोशल नेटवर्क’ म्हणावे की नाही, यावर आतापर्यंत तंत्रापेक्षा अधिक चर्चा झाली आहे. ती वाया गेली असे मला वाटत नाही, कारण नाव चुकले तर कामाची दिशाही चुकते.

मराठीत ‘विकेंद्रीकरण’ हा शब्द राज्यकारभारातून रुळला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि वरच्या सत्तेने खालच्या पातळीवर अधिकार सोपवणे हा त्याचा अर्थ सर्वांच्या परिचयाचा झाला. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. तरी निर्णयाचे केंद्र कोठे आहे, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. या शब्दात केंद्र गृहीतच धरलेले असते, आणि जो अधिकार देतो त्याला तो परतही घेता येतो. स्वतंत्र संकेतस्थळांच्या बाबतीत असे देणारे कोणी मुळातच नसते.

संगणकजाळ्यांच्या शास्त्रात हा शब्द वेगळ्या वाटेने आला. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केंद्रित, विकेंद्रित आणि वितरित अशा तीन रचनांच्या आकृत्या शेजारीशेजारी काढल्या होत्या. त्यातील ‘विकेंद्रित’ म्हणजे अनेक लहान केंद्रे आणि प्रत्येकाच्या आधाराने असलेली टोके. ‘वितरित’ म्हणजे प्रत्येक टोक आजूबाजूच्या अनेक टोकांशी थेट जोडलेले. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखे जाळे या काटेकोर अर्थाने विकेंद्रित आहे, कारण तेथे सर्व्हर (सेवा पुरवणारे संगणक) पुष्कळ असले तरी बहुतेक वापरकर्ते दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरवर राहतात. सर्व्हर बदलताना अनुयायी सोबत नेता येतात, जुन्या नोंदी मात्र नेता येत नाहीत. अशा रचनेसाठी सुचवला गेलेला ‘संघीय’ हा पर्याय संघराज्याच्या धर्तीवर अचूक आहे; परंतु नागपुरात ‘संघ’ म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात एक विशिष्ट संघटना येते, आणि फीडच्या (स्थळावरचे नवे लेख आपोआप कळवणाऱ्या यादीच्या) एका प्रकाराचे नावच ‘आरएसएस’ असल्यामुळे गैरसमज दुणावतो. म्हणून ‘स्वतंत्र संकेतस्थळांचे जाळे’ हे लांबट नाव मला अधिक प्रामाणिक वाटते.

या कल्पनेचा आरंभीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. ईमेलच्या देवाणघेवाणीचे नियम १९८२ मध्ये ठरले आणि वेगवेगळ्या मालकीचे सर्व्हर एकमेकांशी बोलू शकतात हे सिद्ध झाले. १९९९ मध्ये फीड आले, २००२ मध्ये ट्रॅकबॅक आणि पिंगबॅक हे, आपल्या लेखाचा दुवा दुसऱ्या स्थळाने दिल्याचे कळवणारे मार्ग आले. ट्रॅकबॅकमध्ये समोरच्या स्थळाने खरोखर दुवा दिला आहे की नाही हे तपासण्याची सक्ती नसल्यामुळे ते जाहिरातबाजांच्या हाती गेले. मराठी स्थळांची अडचण याहून मूलभूत होती. प्रत्येक स्थळाचा फॉन्ट वेगळा, त्यामुळे एकावरचा मजकूर दुसऱ्यावर नेला की निरर्थक रोमन अक्षरे उमटत. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धती रुळेपर्यंत मराठीत स्थळे जोडण्याला काही अर्थच नव्हता.

२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी डायस्पोरा या विकेंद्रित सोशल नेटवर्कच्या प्रकल्पासाठी लोकांकडे १०,००० डॉलर मागितले आणि त्यांना सुमारे २ लाख डॉलर मिळाले. लोकांची गरज किती तीव्र होती हे त्यातून दिसते. १ जुलै २०१३ रोजी फीड वाचण्याची सेवा गूगल रीडर आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट हे सोशल नेटवर्क बंद झाले, तेव्हा ती गरज भारतातही जाणवली.

खरा वादग्रस्त निर्णय त्यानंतरचा आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या मंडळींनी २०१४ मध्ये या विषयावर एक कार्यगट नेमला. एकच मानक ठरवण्याऐवजी त्या गटाने अनेक मानके पुढे आणली. वेबमेन्शनला जानेवारी २०१७ मध्ये आणि ॲक्टिव्हिटीपबला जानेवारी २०१८ मध्ये अंतिम मान्यता मिळाली. वेबमेन्शनमध्ये एक पान दुसऱ्याला ‘मी तुमचा दुवा दिला आहे’ एवढेच कळवते, आणि कळवले गेलेले स्थळ ते पान स्वतः उघडून खात्री करते. ॲक्टिव्हिटीपबमध्ये प्रत्येक खात्याला येणारी आणि जाणारी अशा दोन पेट्या असतात आणि नोंदी सर्व्हरकडून सर्व्हरकडे ढकलल्या जातात. कार्यगटातल्या दोन बाजूंत एकमत होत नव्हते म्हणून दोन्ही मानकांना मान्यता दिली गेली, आणि त्याची किंमत लहान स्थळचालक आजही दोन-दोन प्लगइन (स्थळाला जोडायची सॉफ्टवेअरे) सांभाळून मोजत आहेत.

पुढच्या घडामोडींनी ॲक्टिव्हिटीपबचे पारडे जड केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका वकिलाचे ट्विटर खाते गोठवल्यावर अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर जगभर तेच घडले. २०२४ पासून मेटा कंपनीच्या थ्रेड्सच्या वापरकर्त्यांनाही इच्छेनुसार याच मानकाने जोडून घेता येऊ लागले. परंतु संख्या वाढल्याने लहान स्थळांवरचा भारही वाढला. एखादा दुवा गाजला की शेकडो सर्व्हर त्याची झलक मिळवण्यासाठी एकाच वेळी मूळ पान मागतात, आणि स्वस्तातले सामायिक होस्टिंग तेवढ्याने कोलमडू शकते.

येथील प्रयत्नाला निकड आली ती २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेमुळे. अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हाची छायाचित्रे आणि पाणी कोठपर्यंत चढले याच्या नोंदी व्हॉट्सॲपच्या गटांत आणि बंद खात्यांत विखुरल्या; आज त्या सलग शोधून काढणे जवळजवळ अशक्य आहे. तलावांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्थळाला वेबमेन्शन जोडले असते, तर निदान ज्यांची स्वतःची स्थळे होती त्यांच्या नोंदी एका पानाखाली आल्या असत्या.

डोमेनचा प्रश्न मात्र दोन्ही मानकांत सारखाच उरतो, कारण दोन्हींत ओळख डोमेनला बांधलेली असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या ‘डॉट एएफ’ या प्रत्ययाखालील एक मॅस्टोडॉन सर्व्हर, तेथील सत्ताधाऱ्यांनी डोमेन स्थगित केल्यामुळे, आपल्या पत्त्यालाच मुकला. नागपुरातील काही स्थळांची डोमेने ज्या परिचिताने स्थळ बांधून दिले त्याच्याच नावावर आजही नोंदलेली आहेत. ती चालकांच्या स्वतःच्या नावावर येईपर्यंत त्या स्थळांना ‘स्वतंत्र’ हे विशेषण पुरते लागू होत नाही.