छप्पर जादा, नांगरही जादा: ऑफ-रोड गाडीच्या टपामागची आणि व्हेरियंटमागची गोष्ट

१९४५ मध्ये विलीस-ओव्हरलँड कंपनीने सीजे-२ए ही जीप सर्वसामान्य ग्राहकांसाठी विकायला काढली. मूळ किमतीत ड्रायव्हरची सीट मिळायची आणि ड्रायव्हरच्या बाजूचा एक आरसा. शेजारच्या सीटचे वेगळे पैसे. कॅनव्हासच्या छपराचेही वेगळे. त्याच यादीत नांगर, बर्फ हटवायचं पातं, वेल्डिंगचा संच आणि इंजिनवर दुसरी यंत्रं चालवायची पुलीही होती, कारण कंपनीच्या डोळ्यासमोर मुख्यतः शेतकरी होता. कोणी छप्पर आधी घ्यायचं, कोणी नांगर.

आज नवी ऑफ-रोड गाडी बुक करताना स्क्रीनवर जी लांबलचक यादी उघडते, तिचं मूळ तिथे आहे. सॉफ्ट टॉप, हार्ड टॉप, सुटे होणारे पॅनल, काचेचं छप्पर, दोन रंगांचं छप्पर आणि खाली व्हेरियंटची उतरंड. माहितीपत्रकात हे सगळं हौसेचा मामला म्हणून मांडलेलं असतं. पण यातला जवळपास प्रत्येक पर्याय कोणाच्या तरी अडचणीतून आलाय. कधी ती अडचण लष्कराची होती, कधी कर भरणाऱ्याची, कधी साच्यांचा खर्च काढणाऱ्या कारखान्याची.

लष्कराचं आधी. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने टेहळणीसाठी हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी मागवली. वजनाची पहिली अट होती १३०० पौंड, म्हणजे साधारण ५९० किलो. ती कोणालाच पाळता येण्यासारखी नव्हती आणि पुढे ती बरीच सैल करावी लागली. पण गाडीची ठेवण त्या अटीने ठरवून टाकली. दरवाजे नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी पडणारी आणि वर लोखंडी कमानींवर ताणलेलं कॅनव्हास. गाडी जितकी बुटकी तितकी ती शत्रूला कमी दिसणार, आणि अंगावर तोफगोळे येत असताना दरवाजा उघडत बसायला कोणाला वेळ असतो! बँटम कंपनीने पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये दिला. मोठं उत्पादन विलीस आणि फोर्ड यांनी केलं आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. पुढची काच आडवी करायची सोय आजच्या जीप रँग्लरमध्येही आहे. ती वापरणारे थोडे, पण काढून टाकायची कोणाची हिंमत होत नाही.

ब्रिटनमध्ये छपराचा आकार ठरवण्यात कराचा मोठा हात होता, आणि हा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो. लँड रोव्हर एप्रिल १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात आली. पोलादाची टंचाई असल्यामुळे बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, वर कापड, आणि दरवाजांचा काचांचा वरचा भाग सुरुवातीला जादा पैसे देऊन घ्यायचा. कामाची गाडी म्हणून तिच्यावर खरेदी कर नव्हता. त्याच वर्षी कंपनीने टिकफर्ड या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याकडून लाकडी सांगाड्याची, पूर्ण बंद, नीटस सीटांची स्टेशन वॅगन करून घेतली. छप्पर बंद झालं, आत माणसं आरामात बसू लागली, आणि सरकारने तिला प्रवासी मोटार ठरवून कर लावला. किंमत चढली, खप बसला, आणि १९५१ मध्ये ती बंद पडली. पुढे १९६० च्या दशकात लांब चेसिसच्या स्टेशन वॅगनमध्ये १२ सीटा बसवण्यात आल्या, कारण १२ सीटांची गाडी कायद्याने बस ठरत होती आणि बसला तो कर लागू नव्हता. मागच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लावून बसलेल्या मंडळींना या सोयीचं किती कौतुक वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

लँड रोव्हरच्या स्टेशन वॅगनवर उष्ण प्रदेशांसाठी दुहेरी छप्परही आलं. मूळ पत्र्यावर थोडी फट सोडून दुसरा पत्रा बसवलेला. ऊन वरचा पत्रा झेलणार आणि फटीतून जाणारा वारा खालचा पत्रा गार ठेवणार. एसी नसलेल्या गाडीत याचा खरा उपयोग होता. वरचा पत्रा बहुधा पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा असे. १९६० च्या टोयोटा एफजे४० चं फायबरग्लासचं पांढरं छप्परही तसंच तिची ओळख बनलं. आज ‘ड्युअल टोन’ म्हणून जादा पैसे देऊन घेतात, ते दोन रंगांचं छप्पर म्हणजे याचाच अवशेष. गंमत अशी की आता त्यात काळा रंग जास्त खपतो. ज्या कारणासाठी छप्पर वेगळ्या रंगाचं झालं, त्याच्या बरोब्बर उलट.

आता कारखान्याची अडचण. पत्र्याचं छप्पर दाबून काढायला मोठे, महागडे साचे लागतात, आणि वेगवेगळ्या आकारांच्या छपरांसाठी वेगवेगळे. त्यापेक्षा खालची बॉडी एकच, टबासारखी, सपाट काठाची ठेवायची आणि वर हवं ते बसवायचं, हा हिशेब कंपन्यांना पटला. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १९६१ च्या स्काउटमध्ये फक्त पुढच्या सीटांवर येणारं छोटं छप्पर, पूर्ण लांबीचं छप्पर, किंवा कापड, असा पर्याय मिळे. फोर्डची पहिली ब्रोंको १९६६ सालासाठी आली ती तीन रूपांत: बंद वॅगन, मागे हौदा असलेली अर्धी केबिन आणि दरवाजे-छप्पर काहीच नसलेली रोडस्टर. फोटोत सगळ्यात देखणी रोडस्टर आणि सगळ्यात कमी खपली तीही रोडस्टरच. १९६८ नंतर ती गेली. लोकांना छप्पर काढता यायला हवं होतं, पण छप्पर नसलेली गाडी नको होती. हा फरक कंपन्यांनी पक्का लक्षात ठेवला.

शेवरोलेच्या १९६९ च्या ब्लेझरमध्ये पुढच्या काचेच्या मागचं अख्खं छप्पर निघायचं. ते फायबरग्लासचं होतं. फायबरग्लासला पत्र्याइतके महाग साचे लागत नाहीत, ते गंजत नाही आणि तुलनेने हलकं असतं. पण गाडीचा सांगाडा आणि हे छप्पर खडबडीत रस्त्यावर सारखे पिळत नाहीत, त्यामुळे सांध्यातली रबराची पट्टी दबली किंवा सरकली की पाणी शिरतं आणि कुरकुर सुरू होते. पुढे आलेल्या, काढता येणाऱ्या प्रत्येक हार्ड टॉपच्या वाट्याला ही तक्रार कमी-जास्त प्रमाणात आली आहे. १९७६ च्या ब्लेझरमध्ये पुढच्या सीटांवरचं छप्पर पक्कं झालं आणि फक्त मागचा भाग निघू लागला. १९७८ च्या ब्रोंकोनेही तोच मार्ग धरला.

पुढचा धक्का सुरक्षेच्या नियमांनी दिला. अमेरिकेत छपराने किती भार सोसावा याचा नियम मोटारींसाठी १९७३ पासून लागू झाला आणि १९९० च्या दशकात हलक्या ट्रकवर्गीय गाड्यांवरही आला. २००९ मध्ये बहुतेक गाड्यांसाठी छपराने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार सोसावा अशी अट आली. उघड्या टपाच्या गाड्यांना त्यातून सूट आहे. अशा ऑफ-रोड गाड्यांत नळ्यांचा पिंजरा असतो. रँग्लरसारख्या गाडीत उलटल्यावर भार घेतो तो हा पिंजरा. छप्पर, मग ते हार्ड असो वा सॉफ्ट, ऊन-पावसासाठी. हार्ड टॉप घेतलं म्हणजे गाडी उलटण्यापासूनही जास्त सुरक्षित झाली, असं शोरूममध्ये अनेकांना वाटतं. तसं नाही. चोरी आणि आवाज या बाबतीत मात्र फरक नक्की पडतो.

ब्रोंकोचं पुढे जे झालं ते याच ओघात. १९९२ च्या बदलात मागच्या सीटचे खांद्यावरून येणारे पट्टे आणि तिसरा ब्रेक लाइट सुट्या छपराला जोडले गेले. छप्पर काढलं की पट्टे आणि दिवा दोन्ही गेले. म्हणून कंपनीने ते काढण्याची कृती माहितीपुस्तिकेतून गाळून टाकली. छप्पर तेच, बोल्टने बसवलेलं. फक्त ते निघतं असं म्हणायचं बंद झालं.

जीपने मात्र ही परंपरा सोडली नाही. १९७६ च्या सीजे-७ वर कंपनीने पोलादी दरवाजांसह साच्यात घडवलेलं हार्ड टॉप द्यायला सुरुवात केली. २००७ च्या रँग्लरमध्ये त्याचे तीन तुकडे झाले: ड्रायव्हरवरचा, शेजारच्यावरचा आणि मागचा मोठा. पुढचे दोन आतल्या कड्या फिरवून एकट्याने काढता येतात. मागच्या तुकड्याचे बोल्ट सोडवायला अवजार लागतं, मागच्या वायपरची वायर आणि काच धुवायच्या पाण्याची नळी सोडवावी लागते, आणि उचलायला दोन माणसं. त्यामुळे व्यवहारात पुढचे दोन तुकडे वरचेवर निघतात, मागचा क्वचित. २०१८ च्या पिढीत सॉफ्ट टॉपच्या खिडक्यांच्या चेन गेल्या आणि त्या खाचेत सरकवायच्या झाल्या. बटणावर मागे सरकणारं मोठं कापडी छप्परही आलं. त्यात कडेची चौकट जागेवरच राहते, पण मागच्या बाजूच्या खिडक्या काढता येतात.

भारतात महिंद्राने १९४७ पासून विलीस जीप जोडायला घेतली, त्याच घराण्यातली थार. २०२० च्या थारमध्ये कंपनीचं स्वतःचं हार्ड टॉप पहिल्यांदा आलं. तोवर मालक ते बाहेरून बसवून घेत. सगळ्यात खालच्या एएक्स व्हेरियंटमध्ये न उघडणारं कापडी छप्पर होतं आणि मागे समोरासमोरची बाकं. म्हणजे छप्पर आणि व्हेरियंट यांची गाठ पडलेली होतीच.

ही गाठ कशी पडली, हेही पाहायला हवं. सीजे-२ए च्या यादीत प्रत्येक गोष्ट सुटी होती. मग आराम विकला जाऊ लागला. जीपची १९६६ ची सुपर वॅगनिअर पुशबटणांचा रेडिओ, एसी आणि विनाइलने मढवलेलं छप्पर घेऊन आली. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये विनाइलच्या सीटा आणि धुता येणारी जमीन होती. दहा-बारा वर्षांत तीच गाडी चामडं आणि लाकडाच्या वाटेला लागली. सीजेवर १९७० च्या दशकात रेनेगेडसारखी नावं, पट्टे आणि चाकं आली. यंत्रसामग्रीत फरक थोडा, दिखाव्यात जास्त.

खरा बदल २००३ च्या रँग्लर रुबिकॉनने केला. कॅलिफोर्नियातल्या एका अवघड दगडी वाटेचं नाव घेतलेल्या या व्हेरियंटमध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारं कुलूप), भक्कम ॲक्सल, ३१ इंची टायर आणि ४:१ चा लो रेशो, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा गिअर, हे सगळं कारखान्यातूनच आलं. याआधी हे सगळं लोक नंतर बाहेरून करून घेत. व्हेरियंट म्हणजे सीटचं कापड आणि स्पीकर, हा समज इथे मोडला. पण त्याचबरोबर कंपन्यांना हेही कळलं की लॉकरसाठी येणारा ग्राहक सोबतची बाकीची सजावटही मुकाट्याने घेतो.

२०२१ च्या नव्या ब्रोंकोने ही गाठ काही अंशी सोडवली. ३५ इंची टायर, दोन्ही लॉकर आणि जास्त ओढ देणारे गिअर रेशो यांचं ‘सॅस्क्वॉच’ पॅकेज सगळ्यात खालच्या व्हेरियंटवरही मागवता येत होतं. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला ऑफ-रोड ग्राहकाच्या सोयीचा हा सगळ्यात शहाणा निर्णय. छपरावर मात्र तीच कंपनी अडकली. पुरवठादाराकडून येणारी सुटी हार्ड टॉप आधीच उशिरा मिळत होती. वर दमटपणात आणि पाण्यात त्यांचा पृष्ठभाग खराब दिसू लागल्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये फोर्डने तोवर बनलेली ती सगळी बदलून देण्याचं जाहीर केलं. सुटं छप्पर बनवायला किती अवघड असतं, हे त्या वर्षी वाट पाहणाऱ्या हजारो ग्राहकांना कळलं.

छपराच्या भाराचं गणितही आता माहितीपत्रकात येतं. २०२० च्या लँड रोव्हर डिफेंडरचं छप्पर गाडी उभी असताना ३०० किलो आणि चालताना १६८ किलो पेलतं. तंबू वर बांधून फिरायचं असेल तर हा दुसरा आकडा पाहायचा. त्यात रॅकचं वजनही मोजावं लागतं. सुझुकीने २०१८ च्या जिम्नीत छपराच्या कडेची पाण्याची पन्हळ मुद्दाम ठेवली. दरवाजा उघडला की पाणी आत गळत नाही, आणि रॅकचे चिमटे त्याच कडेला धरतात. काचेचं छप्पर घेतलं तर असे मार्ग कमी होतात.

ऑर्डर देताना व्हेरियंटच्या आधी छप्पर ठरवावं, असं मी म्हणतो ते या सगळ्यामुळे. रॅक, टायर, सीटची कव्हरं नंतर बदलता येतात. पण सॉफ्ट टॉपची गाडी घेऊन वर्षभराने हार्ड टॉप चढवायला गेलं, तर मागच्या काचेचा डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या गरम तारा) आणि वायपर यांची वायरिंग गाडीत असेलच असं नाही. काही कंपन्या ती तयारी बुकिंगच्या वेळी वेगळा पर्याय म्हणून देतात, काही दोन्ही छपरं एकत्र देतात. हार्ड टॉपच्या आतलं आवाज अडवणारं अस्तरही अनेकदा जादा पैशांचंच असतं, सीजे-२ए च्या शेजारच्या सीटसारखं.