नवं ॲसिड भरलं म्हणून बॅटरी नवी होत नाही

‘जुनं ॲसिड काढून नवं भरा, बॅटरी नव्यासारखी चालते’ हा सल्ला कोल्हापुरात उद्यमनगरापासून घरच्या इन्व्हर्टरपर्यंत फिरत असतो. पटतोही, कारण ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लगेच चांगलं रीडिंग दाखवतो. पण ते रीडिंग ओतलेल्या ॲसिडचं असतं. वीज साठते ती शिशाच्या प्लेटांमुळे. बॅटरी उतरताना ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांवर बसतं, चार्जिंगला परत सुटतं. बॅटरी उतरलेली पडून राहिली की ते तिथंच कडक होतं. शिवाय प्लेटांचा मसाला झडून तळाशी तपकिरी गाळ साचतो. जादा ॲसिडनं यातलं काहीच सुधारत नाही, उलट प्लेटा लवकर खराब होतात. एरवी कमी होतं ते पाणी, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच घाला.

खात्री करायची तर ॲसिड न बदलता पूर्ण चार्ज करा आणि प्रत्येक सेल, म्हणजे बॅटरीतला स्वतंत्र कप्पा, हायड्रोमीटरनं मोजा. सहापैकी पाच सेलचं रीडिंग १२५० च्या आसपास, एकाचंच ११५० वर, तर तो सेल गेला. अशी बॅटरी दुकानात परत द्या, ॲसिड गटारात ओतू नका.