पार्श्वभूमी : 'हाय रिस्क'चा शिक्का आणि समलिंगींचं आरोग्य

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377, 2009चा उच्च न्यायालयाचा दिलासा, 2013ची सर्वोच्च न्यायालयातली माघार आणि 6 सप्टेंबर 2018ची सुटका हा क्रम बहुतेकांना पाठ आहे, तो इथे उगाळत नाही. आरोग्याचा इतिहास मात्र न्यायालयातून कमी आणि एचआयव्ही कार्यक्रमातून जास्त घडला. देशात पहिले बाधित 1986मध्ये आढळले, राष्ट्रीय कार्यक्रम 1992पासून सुरू झाला आणि समलिंगी पुरुष सरकारदरबारी 'एमएसएम' (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष) म्हणून, 'हाय रिस्क ग्रुप'च्या यादीत आले. ठाणे-नवी मुंबईकरांनी या कार्यक्रमाचं पाहिलेलं रूप म्हणजे सरकारी रुग्णालयातली आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची खोली. तपासणी फुकट, समुपदेशन गुप्त. या कामाने जीव वाचले, यात वाद नाही.

अडचण अशी की मोजणीही तिथेच थांबली. 2021च्या पाहणीत एमएसएम गटात एचआयव्हीचं प्रमाण सुमारे 3.3 टक्के आलं, देशातल्या प्रौढांत ते 0.21 टक्के होतं. पहिला आकडा प्रामुख्याने कार्यक्रमात नोंद असलेल्या पुरुषांचा आहे. खारघरच्या टॉवरमध्ये राहणारा, कुठेही नाव न नोंदवलेला आयटीवाला त्यात नाही. समलिंगी स्त्रिया तर यादीतच नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी लैंगिक कलाचा प्रश्न विचारत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत तो 2013मध्ये आला, आणि पहिल्या दोन वर्षांच्या माहितीतच समलिंगी व उभयलिंगी प्रौढांत मानसिक ताण, धूम्रपान आणि अति मद्यपान जास्त दिसलं. आपल्याकडे चर्चेत फिरणारे तुलनेचे आकडे बरेचदा तिथूनच उसने आणलेले असतात.

या शिक्क्याचं सगळ्यात ठळक रूप रक्तदानात दिसतं. ऑक्टोबर 2017च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तृतीयपंथी व्यक्ती, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया यांना रक्तदानातून कायमचं वगळलं. अनेक जोडीदार असणाऱ्यांनाही वगळलं, पण ते वागण्यावरून. एकाच जोडीदारासोबत दहा वर्षं राहणारा समलिंगी पुरुष मात्र गटावरूनच बाद.

ठाण्यात शिबिरांना तोटा नाही. दहीहंडी, गणेशोत्सव, शिवजयंती, झालंच तर नगरसेवकाचा वाढदिवस. मांडवात एका टेबलाभोवती मंडळाची पोरं घोळका करून फॉर्म भरतात, मागचा पुढच्याच्या कागदात डोकावतो. तिथे खरं लिहिणं म्हणजे अख्ख्या आळीला सांगणं. मग कुणी खोटी खूण करून सुई टोचून घेतो, कुणी "बीपी वाढलंय" म्हणत बिस्किटाचा पुडा उचलून सटकतो. नियमाने यातलं नेमकं काय अडवलं, हे विचारायला हवं.

दुसरी बाजूही पोकळ नाही. थॅलेसेमियाच्या मुलाला आयुष्यभर रक्त चढवावं लागतं. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची असली तरी लागण झाल्यानंतरचे सुरुवातीचे काही दिवस चाचणीतून निसटतात. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी नॅट चाचणी हा काळ कमी करते, पण ती सगळीकडे होत नाही. केंद्राचा युक्तिवाद याच भीतीवर उभा आहे. मात्र ती भीती कुणाच्याही अलीकडच्या असुरक्षित संबंधाला लागू पडते. ब्रिटनने 2021मध्ये, कॅनडाने 2022मध्ये आणि अमेरिकेने 2023मध्ये प्रत्येकाला वागण्याबद्दलचे सारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्याकडे या नियमाला 2021मध्ये आव्हान दिलं गेलं, मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला तज्ज्ञांचं मत घ्यायला सांगितलं.

मानसिक आरोग्याचा धागा या गदारोळात मागे पडला. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901चं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढायला 1990 उजाडलं. 'बरं करण्याचे' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन, असं इथे ठरलं ते 2022मध्ये. कारवाई राज्याच्या वैद्यकीय परिषदेने करायची. पण मुलाला नेणारे आणि फी भरणारे आईवडीलच असतात, तेव्हा तक्रार करणार कोण? आणि डॉक्टर नसलेले बाबाबुवा त्या आदेशाच्या कक्षेतच येत नाहीत.

ऑगस्ट 2024मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. मानसिक आजारापुरती जिवंतपणीची सोय त्याआधीचीच आहे. मे 2018मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कुणाही सज्ञान, सक्षम व्यक्तीला तिच्या संमतीने आपला प्रतिनिधी म्हणून नेमता येतं. त्याला रक्ताचं नातं लागत नाही, स्टँप पेपरही लागत नाही. साध्या कागदावर सही पुरते.