दाव्याचा पहिला कागद : रिटपासून ‘एन-१’पर्यंत

२८ ऑक्टोबर १७७०. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या मिलबोर्न पोर्ट या गावी जत्रा होती. संध्याकाळी शेफर्ड नावाच्या पोराने एक पेटता फटाका छपराखालच्या बाजारात भिरकावला. तो जिंजरब्रेडच्या दुकानावर पडला. तिथल्या माणसाने माल वाचवायला तो उचलून पलीकडे फेकला, पलीकडच्याने आणखी पुढे. शेवटी तो स्कॉट नावाच्या मुलाच्या तोंडावर फुटला आणि त्याचा एक डोळा गेला. ज्युरीने १०० पाउंडांची भरपाई ठरवली. पण १७७३ मध्ये न्यायाधीशांपुढे जो वाद रंगला, तो फटाका कोणी टाकला याचा नव्हता. दावा सुरू करताना घेतलेला कागद बरोबर होता का, एवढाच प्रश्न होता. इजा थेट झाली असेल तर ‘ट्रेसपास’चे रिट हवे, कृत्याचा परिणाम म्हणून फिरून झाली असेल तर ‘केस’चे. स्कॉटने ट्रेसपासचे घेतले होते. बहुमताने तो जिंकला. मात्र ब्लॅकस्टोनसारख्या नामांकित न्यायाधीशाने विरुद्ध मत दिले. ते मत चालले असते तर डोळा गेलेल्या मुलाला चुकीच्या कागदापायी हात हलवत घरी जावे लागले असते.

आज इंग्लंड-वेल्समध्ये बरेच दिवाणी दावे ‘एन-१’ या क्लेम फॉर्मने सुरू होतात. वादी-प्रतिवादींची नावे-पत्ते, दाव्याचा थोडक्यात तपशील, काय दाद हवी, दाव्याची किंमत किती, कोर्ट फी किती आणि शेवटी सत्यतेचे निवेदन. कागद साधा दिसतो. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक रकान्यामागे एक जुने भांडण आहे, आणि ते ठाऊक असले की फॉर्म भरणारा कुठे जपून लिहायचे ते लवकर ओळखतो.

‘रिट’ म्हटले की आपल्याला उच्च न्यायालयातली रिट याचिका आठवते. मुळात रिट म्हणजे राजाचे छोटेसे आज्ञापत्र. ते चान्सरीतून निघे. चान्सरी हे तेव्हा न्यायालय नव्हते, राजाचा पत्रव्यवहार सांभाळणारे दफ्तर होते. आपल्या चिटणिशीसारखे म्हणा. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या काळात ठरावीक तक्रारींसाठी ठरावीक मजकुराची रिटे तयार झाली. जमिनीवरून हुसकावलेल्याला ताबा परत मिळवून देणारे रिट त्यांत सर्वांत गाजले. पैसे भरायचे, आपल्या तक्रारीला बसणारे रिट घ्यायचे, मग राजाच्या न्यायालयात दार उघडणार. तक्रारीला बसणारे रिटच नसेल तर? मग तिथे दादही नाही. नवी रिटे काढून चान्सरी मनमानी करते अशी सरदारांची ओरड होती, म्हणून १२५८ मध्ये ऑक्सफर्डला ठरलेल्या तरतुदींनी त्यावर लगाम घातला. १२८५ च्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याने सारख्या प्रकरणांपुरती थोडी मोकळीक दिली.

रिट निवडले की पुढचे सगळे ठरून जाई: प्रतिवादीला कसे बोलवायचे, पुरावा कसला, निवाडा कोणत्या रीतीने. साध्या उसनवारीचे उदाहरण घ्या. ‘डेट’चे रिट घेतले तर प्रतिवादीला शपथेचा मार्ग मोकळा असे. ‘मी काही देणे लागत नाही’ अशी शपथ त्याने घ्यायची आणि आणखी अकरा जणांनी त्याच्या खरेपणाची शपथ वाहायची. की दावा संपला. अकरा माणसे जमवणे कोणत्या गावात अवघड असते? म्हणून वकील दुसऱ्या रिटाकडे वळले, आणि देणेकऱ्याने ‘वचन मोडले’ अशा नावाखाली तीच उसनवारी मांडू लागले. १६०२ च्या स्लेड खटल्याने ही वाट पक्की केली. शपथेची ती जुनी सोय मात्र कायद्यातून जायला १८३३ साल उजाडले.

खरी गंमत न्यायालयांच्या आपसातल्या ओढाताणीत होती. किंग्ज बेंच या न्यायालयाला सामान्य कर्जाचे दावे ऐकण्याचा अधिकार नव्हता. पण ते जिथे बसे त्या मिडलसेक्स परगण्यात घडलेल्या ट्रेसपासचे दावे ते ऐकू शके, आणि एकदा माणूस ताब्यात आला की त्याच्याविरुद्ध दुसरा दावाही चालवता येई. मग वादीचा वकील लिही की प्रतिवादीने मिडलसेक्समध्ये ट्रेसपास केला. धादांत खोटे, आणि ते सगळ्यांना ठाऊक. शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अंमलदार, उत्तर देई, ‘माणूस सापडला नाही.’ तेवढ्यावर दुसऱ्या परगण्याच्या शेरीफला हुकूम निघे, की अमुक इसम तुमच्याकडे दडून हिंडतो आहे, त्याला हजर करा. तो बिचारा आपल्या गावी उघड दुकान चालवत असे. एक्सचेकर न्यायालयाचे सोंग वेगळे होते. तिथे वादी म्हणे, ‘मी राजाचा देणेकरी आहे आणि याने माझे पैसे बुडवल्यामुळे मला राजाचे देणे फेडता येत नाही.’ जमिनीच्या ताब्याच्या दाव्यांत तर जॉन डो आणि रिचर्ड रो ही नसलेली माणसे पिढ्यानपिढ्या एकमेकांना हुसकावत राहिली. दाव्याचा पहिला कागद उघड उघड खोटा असूनही कोणाला त्याची लाज वाटत नव्हती.

हे आवरायला एकोणिसाव्या शतकाची मधली चाळीसेक वर्षे लागली. १८३२ च्या कायद्याने वैयक्तिक दाव्यांसाठी एकाच नमुन्याचे समन्स आणले, तरी दाव्याचा प्रकार त्यात लिहावाच लागे. १८५२ मध्ये तीही अट गेली. जॉन डो आणि रिचर्ड रो यांनाही त्याच वर्षी रजा मिळाली. दरम्यान १८४६ मध्ये काउंटी कोर्टे स्थापन झाली होती. २० पाउंडांपर्यंतच्या किरकोळ येण्यासाठी लंडनच्या वकिलाचे पाय धरण्याची गरज त्यामुळे उरली नाही. १८७३-७५ च्या ज्युडिकेचर कायद्यांनी जुनी न्यायालये एका हायकोर्टात आणली. दाव्याचे स्वरूप आणि हवी असलेली दाद रिटाच्या कागदावर साध्या शब्दांत लिहिणे आता पुरेसे झाले.

राजाचा आवाज मात्र कागदावर टिकून होता. ‘आम्ही तुम्हांस आज्ञा करतो की...’ असे राणीच्या नावाने सुरू होणारे रिट दुधाची थकबाकी मागायलाही चाले. १९८० मध्ये ही भाषा गेली.

मोठा खांदेपालट पुढेच होता. खर्च, दिरंगाई आणि गुंतागुंत या तीन दुखण्यांवर उपाय सुचवण्याचे काम १९९४ मध्ये ज्येष्ठ न्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांच्याकडे आले. त्यांचा अंतिम अहवाल जुलै १९९६ चा. त्यातून घडलेले दिवाणी प्रक्रिया नियम २६ एप्रिल १९९९ पासून लागू झाले. रिट, ओरिजिनेटिंग समन्स, काउंटी कोर्टाची निरनिराळी समन्से यांतल्या बहुतेकांच्या जागी क्लेम फॉर्म आला. ‘प्लेंटिफ’चा ‘क्लेमंट’ झाला. बऱ्याच जुन्या वकिलांनी नाके मुरडली. पण दारात पडलेला कागद सामान्य माणसाला एका वाचनात कळावा, ही अपेक्षा मला तरी चुकीची वाटत नाही.

आता रकान्यांकडे. ‘थोडक्यात तपशील’ ही जागा १८७५ च्या त्या साध्या शब्दांची वारस आहे. तिथे सगळी कहाणी ओतायची नसते. वादीने आपली सविस्तर कैफियत फॉर्मसोबत किंवा फॉर्म बजावल्यापासून १४ दिवसांत द्यायची. किमतीचा रकाना वुल्फ यांच्या विचारातला: दावा जेवढा मोठा, तेवढीच प्रक्रिया जड. सर्वसाधारण पैशाचा दावा १०,००० पाउंडांपर्यंत असेल तर लघुदाव्यांचा मार्ग, २५,००० पर्यंत जलद मार्ग, आणि ऑक्टोबर २०२३ पासून त्यापुढे एक लाखापर्यंत मधला मार्ग. फीही किमतीवरच बेतलेली. १०,००० ते दोन लाख पाउंडांच्या पैशाच्या दाव्यावर पाच टक्के. पुढे वाढवता येईल म्हणून किंमत कमी लिहिण्याचा मोह होतो. दावा लावण्याची मुदत संपत आली असेल तर तो महागात पडू शकतो.

सत्यतेच्या निवेदनाबद्दल एक गोष्ट आपल्या वाचकांना गंमतीची वाटेल. वादपत्राच्या तळाशी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ असे लिहून सही करणे आपल्याकडच्या वकिलांना पाठ आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सहाव्या आदेशात ते आहेच. ज्या इंग्लंडचा कायदा आपण गिरवला, तिथे सर्वच दाव्यांच्या कैफियतींखाली असे निवेदन सक्तीचे झाले ते १९९९ मध्ये. मिडलसेक्सच्या खोट्या ट्रेसपासवर शतकानुशतके कारभार चालवलेल्या व्यवस्थेला इतका वेळ लागला, यात नवल नाही. एप्रिल २०२० पासून त्या निवेदनात एक वाक्य वाढले आहे: खरेपणाची प्रामाणिक खात्री नसताना खोटे विधान केल्यास न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, हे मला समजते.

दाव्याच्या प्रकाराला चुकीचे नाव दिले म्हणून तो बुडण्याचे दिवस गेले. कडकपणा मात्र गेला नाही, त्याने जागा बदलली. आता तो तारखांत आणि बजावणीत आहे. साध्या करारभंगाला सहा वर्षांची मुदत, हा आकडा १६२३ च्या मुदत कायद्यापासून चालत आला आहे. फॉर्म कोर्टात पोहोचला की ती मुदत सांभाळली जाते. पण फॉर्मवर शिक्का बसला की दुसरे घड्याळ सुरू होते. चार महिन्यांच्या आत बजावणीचे पाऊल उचलावे लागते, परदेशी बजावायचा असेल तर सहा महिन्यांत. जुन्या रिटाला वर्षभर मिळत असे.

वकील न घेता स्वतः लढणाऱ्या एका माणसाने आपल्या जुन्या सॉलिसिटरांवर दावा लावला आणि मुदतीच्या अगदी शेवटी क्लेम फॉर्म त्यांच्या वकिलांना ईमेलने पाठवला. ते वकील त्याच्याशी ईमेलनेच बोलत होते. पण ईमेलने बजावणी स्वीकारतो असे त्यांनी लेखी कळवलेले नव्हते, आणि नियमाला ते हवे होते. २०१८ मध्ये युनायटेड किंग्डमच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती बजावणी नाकारली. तोवर नवा दावा लावण्याची मुदतही उलटून गेली होती.